नोंदीबाहेर

माझं काम बोटांचं.
कोर्टात जे बोललं जातं ते स्टेनोच्या बुटक्या यंत्रावर टिपायचं.
कुणाला हुंदका आला तर लिहायचं, "साक्षीदार थांबते."
किती वेळ थांबते, ते नाही.

लेक सुपीरियरच्या काठी आमचं तांबड्या दगडाचं कोर्ट.
शहाणी माणसं कोर्टाची पायरी चढत नाहीत म्हणे.
मग आमच्या गावात शहाणं उरलं कोण?
वीतभर सरकलेलं कुंपण घेऊन आले,
सामायिक विहीर घेऊन सख्खे भाऊ आले,
लाकडाच्या गिरणीत दोन बोटं गेलेला टोइव्हो आला,
शपथेला हात वर केला तेव्हा
ज्युरीनं आधी हात मोजला, मग माणूस.

टोइव्होची वकील व्हर्ना कोस्केला.
खाणकामगाराची मुलगी, आवाज कधी चढला नाही.
उलटतपासणीत मध्येच चष्मा काढून
स्वेटरच्या काठानं पुसत राहायची.
ज्युरीला वाटायचं, काहीतरी मोठं येतंय.
मला एकदा म्हणाली, "पोटात गोळा येतो गं.
हातांना काहीतरी काम नको?"

बार असोसिएशनचं अध्यक्षपद तिच्याकडे आलं
कारण त्या दिवशी ती उशिरा पोचली.
चौदा वकील, कॉफीचा एक गळका थर्मास,
वर्गणी थकवलेले नऊ,
आणि कधीच हरवलेला लाकडी हातोडा.
ती चमच्यानं कप वाजवून सभा सुरू करायची.
चर्चच्या तळघरात गुरुवारी फुकट सल्ला तिनंच सुरू केला,
घरमालकानं हिवाळ्यात बाहेर काढलेल्यांसाठी.
फोन करायची, "या गुरुवारी तू."
"मला नाही जमणार, व्हर्ना."
"सहा वाजता. जिना निसरडा आहे, जपून ये."

ऑर्विल ट्रेम्बाथ तिचा जुना प्रतिपक्षी.
एकतीस खटले एकमेकांसमोर. सतरा त्याचे.
त्या मार्चमध्ये त्यानं साक्षीदाराला विचारलं,
"ब्रेक शेवटचे कधी तपासले?"
उत्तर मिळालं. मी टिपलं.
पुन्हा विचारलं. पुन्हा टिपलं.
तिसऱ्यांदा विचारताना त्यानं
न्यायाधीशांना हाक मारली ती बारा वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाच्या नावानं.

व्हर्ना उठली.
"हरकत" या शब्दाच्या कळांवर माझी बोटं आधीच जाऊन बसली होती.
ती म्हणाली, "मला पाच मिनिटं हवीत.
माझाच एक कागद सापडत नाहीये."
तिच्या अशिलानं तिची बाही ओढली.
(पुढं त्यानं वकील बदलला. हेही खरं.)

नोंदीत आहे: तहकूब, ११:०४ ते ११:०९.
बाहेर हीटरपाशी ती ऑर्विलच्या कोटाची
चुकीच्या काजात गेलेली बटणं सोडवत होती.

रविवारी ती त्याच्या घरी गेली, सनदेचा कागद घेऊन.
रस्त्यावर बर्फ, म्हणून गाडी माझी.
त्यानं पावाबरोबर रुबार्बचा मुरंबा पुढे केला.
"त्या दिवशी तू जिंकत होतीस," तो म्हणाला.
"हो."
"मग?"
तिनं मुरंबा घेतला.

सही त्यानं दुसऱ्या प्रयत्नात केली,
खाली तारीख घातली, एकोणीसशे सत्याऐंशी.
मला वाटलं, आता तरी सोडून देईल.
"तारीख चुकली, ऑर्विल. खोड. आणि खाडाखोडीवर सही."
तो खो खो हसला, कितीतरी दिवसांनी असावा,
"अजून सुटू देत नाहीस!"
आणि खोडली.

परतताना ती गाडीत काही बोलली नाही.
चष्मा पुसत होती.

एप्रिलच्या सभेचं इतिवृत्त मीच टंकलं:
सदस्य तेरा.
वर्गणी थकलेले आठ.
गुरुवारी, तळघरात: अध्यक्ष स्वतः.